संत्र्याच्या नवतीवरचा हा मावा नेमका कोण?

फेब्रुवारीत काटोलकडच्या कुठल्याही संत्र्याच्या बागेत शिरा, आधी नाकाला कळतं. आंबिया बहार फुटलेला असतो, फुलांचा घमघमाट सुटलेला असतो आणि फुलांच्या जोडीनं कोवळी पोपटी नवती निघालेली असते. मागच्या खेपेला काकाजींच्या बागेत गेलो तेव्हा त्यांनी अशीच एक फांदी वाकवून माझ्यासमोर धरली. शेंड्याची पानं द्रोणासारखी वळलेली. देठापासून टोकापर्यंत मोहरी चिकटवावी तसे काळपट दाणे, दाटीवाटीनं. नीट पाहिलं तर दाण्यांना पाय होते. त्यांच्यामधून मुंगळ्यांची ये-जा चाललेली, आणि खालच्या जून पानांवर तेलाचा हात फिरवल्यासारखी चिकट चकाकी.

"मावा आला," काकाजी म्हणाले.

"कोणता मावा?"

"मावा म्हनजे मावा. त्याले का आधार कार्ड पायजे?"

पायजे, काकाजी. आणि ते आधार कार्ड गेली अडीचशेहून जास्त वर्षं तयार होतंय, अजून त्यात दुरुस्त्या सुरूच आहेत. हा लेख त्या कार्डाबद्दल आहे.

(पुण्या-साताऱ्याकडच्या वाचकांसाठी खुलासा: तुमच्या पानटपरीवरच्या माव्याला आम्ही खर्रा म्हणतो. त्यामुळे नागपुरात मावा म्हटलं की कीडच.)

कृषी केंद्राच्या काउंटरवर मात्र या किडीची ओळख एकटीनं होत नाही. औषधाच्या बाटलीवर "मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी" हे चौघं एका दमात छापलेले असतात. कपाशीवाल्याला हे पाठच असतं. २००२ मध्ये बीटी कपाशी आली ती बोंडअळीसाठी. तिच्यातलं विष पान कुरतडणाऱ्या अळीच्या पोटात काम करतं, रस शोषणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. त्यामुळे ही चौकडी शेतात राहिलीच. (पुढे गुलाबी बोंडअळीनं ते विषही पचवलं, पण तो विषय वेगळा.)

ही चौकडी एका बाटलीत बसते म्हणून एका कुळातली ठरत नाही. बाटलीची वर्गवारी तोंडावरून आहे: जो रस पितो तो या रांगेत. शास्त्राची वर्गवारी जन्मावरून, म्हणजे कोण कोणाचा किती जवळचा भाऊबंद, यावर. त्या हिशेबानं फुलकिडे पूर्ण परके. त्यांचे पंख झालरीसारखे, तोंड खरवडून रस प्यायचं, त्यांचा गणच वेगळा. तुडतुडे ढेकणांच्या मोठ्या गणात येतात, पण दूरचे. माव्याचे जवळचे म्हणावेत असे चौघं: पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि संत्रावाल्यांचा जुना वैरी सायला. या सगळ्यांची सोंड डोक्याच्या पुढून न निघता खाली, पुढच्या पायांच्या मधून निघाल्यासारखी दिसते. म्हणून या घराण्याला "छातीवर सोंड असलेले" अशा अर्थाचं ग्रीक नाव दिलं आहे, स्टर्नोरिंका. लाखेचा किडाही याच घराण्यातला. पळसाच्या, कुसुमाच्या, बोरीच्या फांदीवर बसून जो लाख देतो आणि जिच्या बांगड्या होतात, तो आपल्या मिलीबगचा, म्हणजे पिठ्या ढेकणाचा नातेवाईक. एकाच घरातला एक भाऊ शिव्या खातो, दुसरा पैसे मिळवून देतो.

आपल्याकडची कोळशी घ्या. संत्र्याची पानं काजळी धरून काळी पडतात तो रोग कोळशी, आणि ज्या किडीमुळे तो येतो ती काळी माशी. ही माशी नाहीच. ती पांढऱ्या माशीची काळ्या रंगाची बहीण, आणि पांढरी माशीही माशी नाही. माशीला पंखांची एकच जोडी असते, यांना दोन. पण बोलीत जे नाव बसलं ते बसलं. शास्त्रीय नावांची कटकट लोकांनी का सुरू केली असेल, हे अशा ठिकाणी कळतं.

आता माव्याच्या स्वतःच्या घरात शिरू. त्याच्या तीन फांद्या आहेत. दोन लहान, एक प्रचंड. पहिल्या लहान फांदीतले किडे फक्त पाइन-देवदारसारख्या सूचिपर्णी झाडांवर जगतात, नागपुरात त्यांची गाठ पडायची नाही. दुसरी फायलॉक्सेरा. तिनं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या द्राक्षबागांची मुळं खाऊन तिथला दारूचा धंदा बसवला होता, आणि शेवटी युरोपातली द्राक्षं अमेरिकन खुंटावर कलम करून वाचवावी लागली. आपण संत्रा जंबेरीच्या खुंटावर बांधतो, तसंच ते. या दोन्ही फांद्यांतल्या माद्या नेहमी अंडीच घालतात. तिसरी फांदी, खऱ्या माव्याची, वर्षातला बहुतेक काळ जिवंत पिल्लं देते. अंडं नाही, कोष नाही, सरळ चालती पिल्लं. हा पहिला मोठा फरक. दुसरा म्हणजे खऱ्या माव्याच्या पाठीवर मागच्या बाजूला दोन नळ्या असतात, स्कूटरच्या सायलेन्सरसारख्या. काही जातींत त्या झिजून नुसतं छिद्र उरलंय, पण बहुतेकांना त्या असतात. एके काळी लोकांना वाटायचं की मुंग्या जो गोड रस चाटतात तो या नळ्यांतून येतो. तो येतो गुदद्वारातून. नळ्यांतून निघतो धोक्याचा वास. ढालकिड्यानं एकाला पकडलं की त्याच्या नळीतून थेंब निघतो आणि शेजारचे पटापट देठ सोडून खाली पडतात.

५,००० हून जास्त जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत त्या जवळजवळ सगळ्या या तिसऱ्या फांदीवर. एक गोष्ट मला नेहमी उलटी वाटते. किड्यांच्या जाती साधारणपणे उष्ण प्रदेशात जास्त आणि थंडीत कमी असतात. माव्याचं नेमकं उलटं आहे, त्याची खरी भरभराट समशीतोष्ण देशांत. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर गेला की माणसांचं जे होतं तेच माव्याचं होतं, दिसेनासा होतो. आपल्याकडे त्याचे दिवस म्हणजे पावसाळ्यातली ढगाळ उघडीप आणि थंडी ओसरतानाचे आठवडे. तरी घराणं जुनं आहे. सीताबर्डीची टेकडी ज्या लाव्हाची बनली तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. माव्याचे पूर्वज त्याच्या कितीतरी आधीपासून झाडांना सोंड लावून बसले होते.

या मोठ्या कुटुंबाची सुमारे दोन डझन उपकुटुंबं केली आहेत. सगळ्यांची नावं देऊन मी तुमचा जीव घेणार नाही. विदर्भातल्या माणसाला जे भेटतात तेवढेच सांगतो.

उसावरचा लोकरी मावा आठवतो? २००२ मध्ये महाराष्ट्रात त्यानं धुमाकूळ घातला आणि पानाखाली कापूस पिंजून ठेवल्यासारखे पांढरे थर सगळीकडे दिसू लागले. तो माव्यांतल्या एका वेगळ्याच उपकुटुंबातला. त्या गटात कपाळावर दोन बारीक शिंगं असतात, आणि पिल्लांपैकी काही सैनिकाचं काम करतात, शत्रूला धरून टोचतात. मुंग्या-वाळवीसारखे सैनिक माव्यातही असतात हे शिगेयुकी आओकी या जपानी शास्त्रज्ञानं १९७७ मध्ये दाखवलं तेव्हा किड्यांचा अभ्यास करणारेही चकित झाले होते. बांबूवर मेणकट मावा दिसला तर तोही बहुधा याच गटातला समजा.

बाकी आपल्या शेतातले बहुतेक मावे एकाच उपकुटुंबातले, एफिडिनी. जगातल्या निम्म्याहून जास्त जाती इथेच कोंबलेल्या. त्याचे दोन वाडे आहेत. एका वाड्यात मोहरीवरचा मावा, करडईवरचा तो मोठा, काळा, लांब पायांचा मावा, मिरची-बटाट्यावरचा हिरवा मावा. दुसऱ्या वाड्यात कपाशीवरचा, तूर आणि चवळीवरचा चकचकीत काळा, मक्यावरचा, ज्वारीवरचा. काकाजींच्या संत्र्यावरचाही याच दुसऱ्या वाड्यातला.

दोन वाडे वेगळे कसे करायचे? भिंगातून पहिल्या वाड्यातल्या बहुतेकांच्या कपाळावर, मिशा जिथून निघतात तिथे, उंचवटे दिसतात. दुसऱ्या वाड्यातल्यांचं कपाळ सपाटसं. पक्की खात्री करायची तर सूक्ष्मदर्शक लागतो. त्याखाली पोटाच्या पहिल्या आणि सातव्या खंडाच्या कडेला बारीक गाठी दिसल्या की दुसरा वाडा. आणि सातव्या खंडावरची गाठ श्वासाच्या छिद्राच्या खाली आहे की वर, यावरून त्या वाड्यातलीही दोन दालनं वेगळी होतात. एका मिलीमीटरच्या अंशाएवढी गाठ, आणि तिच्यावर शेकडो जातींची वाटणी. हसू येतं खरं. पण जमिनीच्या वाटणीत आपण बांधावरच्या एका दगडासाठी कोर्टात जातोच की.

या दुसऱ्या वाड्यातला एक मावा तुम्ही नक्की पाहिला आहे, नाव माहीत नसलं तरी. शनिवारी मारुतीला रुईची माळ करायला बसलं की पानामागे, कळ्यांच्या देठावर झेंडूच्या पाकळीसारखे पिवळेधमक ठिपके असतात, पाय आणि पाठीवरच्या नळ्या मात्र काळ्या कुळकुळीत. तो एफिस नेराय. रुईवर आणि कण्हेरीवरच त्याचा मुक्काम, कारण या झाडांचं विष तो स्वतःच्या अंगात साठवतो आणि तो भडक पिवळा रंग म्हणजे "खाऊन पाहा" अशी धमकी. ओळखायला सगळ्यात सोपा. एक झाड, एक रंग, एक जात. सगळे मावे असे असते तर हा लेख इथेच संपला असता.

लिनियसनं १७५८ मध्ये प्राण्यांची नावं ठरवायची पद्धत पक्की केली तेव्हा एफिस या एकाच आडनावाखाली माव्याच्या जाती घातल्या. सरकारी अर्जावर आडनाव आधी लिहितात ना, तशीच ही पद्धत: आधी आडनाव, मग नाव. एफिस गॉसिपाय म्हणजे एफिस घराण्यातला कपाशीवाला. पुढच्या शास्त्रज्ञांनी एफिसमधून एकेक जण वेगळा काढत शेकडो नवी आडनावं तयार केली. तरी मूळ एफिस आडनावात आजही ५०० हून अधिक जाती आहेत. जोशी आडनावासारखं झालंय, ऐकून काहीच कळत नाही.

नावातलं झाडही फसवतं. गॉसिपाय कपाशीवर सापडला म्हणून ते नाव, पण तो भेंडी, वांगी, मिरची, काकडी, भोपळा आणि संत्रा सगळ्यांवर बसतो. स्पायरीकोला म्हणजे स्पायरिया नावाच्या विदेशी झुडपावर राहणारा, आणि आपल्याकडे सापडतो लिंबू-संत्र्याच्या कोवळ्या शेंड्यावर.

रंग तर त्याहून मोठा ठग. गॉसिपाय जातीच्या एकाच मादीची पिल्लं थंडीत गडद हिरवी, जवळजवळ काळी होतात आणि कडक उन्हाळ्यात, गर्दीत, आकारानं निम्मी आणि फिक्कट पिवळी. पान खराब झालं किंवा गर्दी वाढली की पुढच्या पिढीला पंख फुटतात. म्हणजे आई बिनपंखी हिरवी, मुलगी पंखवाली काळी, भाची पिवळी ठेंगणी. भिंग घेऊन बसलेल्या बिचाऱ्या माणसानं तिघींना तीन जाती म्हटलं तर त्याचा दोष काय? असं झालंही. थंड देशांत तर काही मावे हिवाळा एका झाडावर आणि उन्हाळा दुसऱ्याच झाडावर काढतात. दोन झाडांवरच्या एकाच जातीला वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळी नावं दिली आणि अनेक वर्षांनी कळलं की दोघं एकच. एका गॉसिपायची अशी जुनी, रद्द झालेली नावं डझनावारी आहेत. नियम असा की सगळ्यात आधी रीतसर छापलेलं नाव टिकतं, बाकीची खारीज. गॉसिपायच्या बाबतीत टिकलं ते १८७७ चं.

पण सगळ्यात अवघड प्रश्न रंगाचा नाही, लग्नाचा आहे.

जात म्हणजे काय, याची शाळेत शिकवलेली व्याख्या अशी: ज्यांचं आपसात प्रजनन होतं आणि वंश पुढे चालतो ते एका जातीचे. माव्याच्या माद्या वर्षातला बहुतेक काळ नराशिवायच पिल्लं देतात. १७४० मध्ये जिनिव्हातल्या शार्ल बॉने या विशीतल्या तरुणानं नुकतंच जन्मलेलं एक पिल्लू काचेखाली एकटं ठेवलं आणि दिवसरात्र त्याच्यावर डोळा ठेवला. नराचा वाराही लागू न देता त्या मादीनं ९५ पिल्लं दिली. शिवाय या पिल्लांच्या पोटात जन्मायच्या आधीपासूनच त्यांची पिल्लं वाढू लागलेली असतात. आजीच्या पोटात आई आणि आईच्या पोटात नात, एकाच वेळी. म्हणूनच उबदार हवेत हे झपाट्यानं वाढतात आणि सोमवारी स्वच्छ दिसलेली फांदी रविवारी भरून जाते. थंड देशांत निदान हिवाळ्याआधी नर येतात, मीलन होतं, अंडी पडतात. आपल्या सपाट मुलखात बहुतेक मावे ती भानगडच ठेवत नाहीत. वर्षभर बायकाच बायका.

आता सांगा, लग्नच होत नाही तिथे कोण कोणाच्या जातीत लग्न करतो यावरून जात कशी ठरवायची? कपाशीवरचा गॉसिपाय आणि काकडीवरचा गॉसिपाय दिसायला सारखे, पण प्रयोगशाळेत एकाला दुसऱ्याच्या झाडावर ठेवलं तर बऱ्याचदा नीट जगत नाही. यांना दोन जाती म्हणायचं का? सध्या एकाच जातीतले दोन झाडांना सरावलेले गट म्हणतात. माझ्या मते हे उत्तर प्रामाणिक आहे. निसर्गात जिथे रेघ अजून आखली जातेय तिथे आपण पेननं ठळक रेघ ओढून काय उपयोग?

ज्वारीवाल्यांनी अशी एक रेघ नुकतीच पाहिली. ज्वारीच्या पानांवर जो चिकटा पडतो, कडबा काळा पडतो, त्यामागे मावाच असतो. त्याला वर्षानुवर्षं मेलॅनाफिस सॅकराय म्हणत, म्हणजे उसावरचा. डीएनए आणि शरीराची मापं तपासून २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की उसावर जास्त बसणारा आणि ज्वारीवर जास्त बसणारा असे दोन वेगळे आहेत. ज्वारीवाल्याला सोर्घाय हे नाव मिळालं. नवीन नाही, १९०४ मध्ये दिलेलं आणि मग खारीज झालेलं नाव पुन्हा बाहेर काढलं. जुन्या नोंदवहीतला कागद शंभर वर्षांनी खरा निघाला म्हणा.

डीएनएचं काम सुरू झाल्यावर आणखी एक गमतीचा साक्षीदार सापडला. झाडाचा रस म्हणजे नुसतं साखरपाणी. त्यात अंग बांधायला लागणारी काही अमिनो आम्लं जवळजवळ नसतात. ती माव्याला त्याच्या पोटात राहणारे बुक्नेरा नावाचे जिवाणू बनवून देतात. पॉल बुक्नर या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून १९९१ मध्ये ते नाव पडलं. हे जिवाणू बाहेरून कधी येत नाहीत, आई पोटातल्या पिल्लाला देते, ती तिच्या पिल्लाला. १५ कोटींहून जास्त वर्षं असंच चालू आहे. त्यामुळे जिवाणूंची वंशावळ काढली की ती माव्यांच्या वंशावळीशी बरीच जुळते. घराण्याच्या वंशावळीत गोंधळ असला की आपण कुळाच्या भटजीची पोथी पाहतो, तसं शास्त्रज्ञ जिवाणूची पोथी पाहतात. अपवाद आहेत. शिंगवाल्या गटातल्या काहींनी हा जिवाणू सोडून दिला आणि यीस्टसारख्या बुरशीला घरात घेतलं. त्यांच्यासाठी ही पोथी बंद.

आता काकाजींच्या फांदीकडे परत जाऊ, कारण खरी मौज तिथेच आहे.

संत्रा-लिंबावर बसणाऱ्या काळ्या माव्यांना बराच काळ वेगळं आडनाव होतं, टॉक्सॉप्टेरा. जर्मनीच्या कोख यांनी १८५६ मध्ये ते दिलं. या आडनावाची खूण काय होती? हे मावे वाजतात. त्यांच्या मागच्या पायांवर आखूड दातांसारखे केस असतात आणि पोटाच्या बाजूला खवल्यांसारख्या बारीक रेषांचा खडबडीत पट्टा. पाय पट्ट्यावर घासला की आवाज होतो. आपण कंगव्यावर नख फिरवतो ना, तसा. एकट्याचा आवाज ऐकू येणं कठीण, पण मोठा घोळका डिवचला आणि कान जवळ नेला तर बारीक खरखर ऐकू येते, असं या माव्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी नोंदवलं आहे. मी काकाजींच्या बागेत दहा मिनिटं फांदीला कान लावून उभा होतो. मला फक्त रस्त्यावरचा ट्रॅक्टर ऐकू आला आणि काकाजींचं हसू.

मग डीएनए आला. त्यानं काढलेल्या वंशावळीत टॉक्सॉप्टेरा ही वेगळी फांदी निघाली नाही, एफिसच्या गर्दीतच तिची डहाळी सापडली. वर्गीकरणाचा आजचा नियम कडक आहे: एका आडनावात एका पूर्वजाचे सगळे वंशज यावेत. काही वंशजांना बाहेर ठेवून त्यांचं वेगळं घराणं दाखवायचं नाही. टॉक्सॉप्टेराला वेगळं ठेवलं तर एफिस हे आडनावच फाटतं. त्यामुळे आता बरेच शास्त्रज्ञ त्यांना एफिसमध्येच घालतात, टॉक्सॉप्टेरा हे फार तर पोटनाव. पाय घासून वाजवणं ही कला खास खरी, पण एक मुलगा तबला वाजवतो म्हणून त्याचं आडनाव वेगळं होत नाही. काही ठिकाणी जुनं आडनाव अजून वापरात आहे. इंटरनेटवर टॉक्सॉप्टेरा सिट्रिसिडा आणि एफिस सिट्रिसिडस अशी दोन नावं दिसली तर घाबरू नका, किडा तोच आहे.

सिट्रिसिडा या नावाचा अर्थ संत्रावर्गीय झाडांचा मारेकरी. कर्काल्डी यांनी १९०७ मध्ये हे नाव दिलं. खरा मारेकरी मात्र तो स्वतः नाही. तो ट्रिस्टेझा विषाणूची ने-आण करतो. ट्रिस्टेझा म्हणजे पोर्तुगीजमध्ये उदासी. १९३० च्या दशकापासून ब्राझील-अर्जेंटिनात या रोगानं लाखो झाडं सुकवली. आणि १९४६ मध्ये ब्राझीलच्या मेनेगिनी यांनी दाखवलं की हा विषाणू हा काळा मावा पसरवतो. तिथली झाडं आंबट संत्र्याच्या खुंटावर बांधलेली होती, त्या जोडीला हा विषाणू झेपत नाही. आपल्याकडचे जंबेरी आणि रंगपूर लाइमचे खुंट हा विषाणू बराच सोसतात. विदर्भाच्या संत्र्याचं हे एक नशीब म्हणा, नाही तर जुन्या बागायतदारांची निवड.

इथे आधार कार्डाचा उपयोग कळतो. संत्र्यावर बसणाऱ्या माव्यांत सिट्रिसिडा हा ट्रिस्टेझाचा सगळ्यात तरबेज वाहक. गॉसिपाय त्याच्या मागोमाग. ऑरँशाय नावाचा सिट्रिसिडाचा काळा भाऊ, जो चहा-कॉफीपासून आंब्यापर्यंत सगळ्यांवर बसतो, तो या कामात बराच कच्चा. म्हणजे फांदीवर तिघांतला कोण आहे यावर रोपवाटिकेतल्या कलमांचा धोका ठरतो. "मावा आला" एवढं पुरत नाही.

काळ्या दोघांना वेगळं ओळखायला बागेतही दोन-तीन खुणा पुरतात. ऑरँशायच्या मिशांवर काळ्या-फिक्या पट्ट्या दिसतात, पंखवाल्या सिट्रिसिडाच्या मिशीचा तिसरा भाग पूर्ण काळा. पंखवाला सापडला तर पुढच्या पंखाच्या कडेचा डाग पाहा, ऑरँशायचा ठळक काळा, दुसऱ्याचा फिका तपकिरी. आणि पंखातली मधली शीर. ऑरँशायमध्ये ती एकदाच फाटते, सिट्रिसिडामध्ये दोनदा. तिसरी खूण अशी की ती पाहून लहान मुलंही खूश होतात: सिट्रिसिडाचा घोळका स्पिरिटात टाकला की स्पिरिट गडद लाल होतं, ऑरँशायनं होत नाही.

काकाजींच्या घरात सर्जिकल स्पिरिटची बाटली होती. काचेच्या छोट्या बाटलीत त्यातलं थोडं घेतलं, फांदीचा शेंडा कापून आत बुडवला आणि जेवायला बसलो. ताक पिऊन बाहेर आलो तोवर बाटलीत रंग उतरू लागला होता. आधी जास्वंदीच्या पाण्यासारखा, मग कुंकू विरघळल्यासारखा.

तेवढ्यावर भागवायचं नव्हतं. एक पंखवाला पांढऱ्या कागदावर ठेवला, मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर दहापट भिंग धरलं आणि फोन काकाजींच्या हातात दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पडद्यावर दोन बोटांनी पंख मोठा केला आणि नखानं शिरेचा माग काढत गेले.

"एक फाटा इथं," ते म्हणाले. थोडं थांबले. "अन् दुसरा हा. दोन आहेत बाप्पा."

मग फोन परत देताना त्यांनी नवतीच्या ओळीकडे एकदा पाहिलं आणि गड्याला हाक मारली, "औंदा नर्सरीतली रोपं या बाजूले ठेवू नको रे."